काजूच्या बोंडांचा शिरका : घरगुती कृती आणि आरोग्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग

शिमगा सरला की रत्नागिरी जिल्ह्यातील काजूच्या बागांत बी गोळा करण्याची घाई सुरू होते. सकाळी झाडाखाली पडलेली फळे वेचावयाची, बी पिरगाळून टोपलीत टाकावयाची आणि बोंड तेथेच सोडून द्यावयाचे, असा बहुतेक ठिकाणचा क्रम आहे. टाकलेल्या बोंडांना दोन दिवसांत आंबूस वास सुटतो, त्यांवर चिलटे घोंगावू लागतात आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर त्यांचा चिखल होतो. याच दिवसांत जिल्ह्याच्या बाजारपेठांतून सफरचंदाच्या शिरक्याच्या बाटल्या ‘प्रकृतीस चांगला’ म्हणून विकत घेतल्या जातात. हे फळ थंड प्रदेशातले आहे. हिमाचल प्रदेशात कोटगढ परिसरात सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ साली अमेरिकेतील सफरचंदाच्या जातीची लागवड सुरू केली आणि पुढे तो सारा डोंगराळ मुलूख सफरचंदाचा झाला. हिवाळ्यात पुरेशी थंडी लागत असल्यामुळे कोकणच्या दमट किनाऱ्यावर त्याची व्यापारी बागायत होत नाही.

वस्तुतः शिरका हा कोणत्याही गोड फळाच्या रसापासून होतो. त्यातील मुख्य द्रव्य सफरचंदाचे नसून ॲसेटिक आम्ल हे आहे आणि ते काजूच्या बोंडातील साखरेपासून तितकेच उत्तम तयार होते. झाडाखाली कुजणाऱ्या बोंडांपैकी चार किलो बोंडे घरात आणली, तर एका कुटुंबास वर्षभर पुरेल इतका शिरका अल्प खर्चात मिळू शकतो. ही कृती कशी करावी, ती कोठे बिघडते आणि तयार झालेल्या शिरक्यापासून आरोग्यास किती लाभाची अपेक्षा करावी, याची माहिती येथे दिली आहे.

बोंडाचे गुणधर्म

काजूचे झाड मूळचे ब्राझील देशातील असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पश्चिम किनाऱ्यावर आणले. ‘काजू’ हे नावही त्यांच्याच भाषेतून आले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काजूची बी हेच खरे फळ होय. ज्याला बोंड किंवा बोंडू म्हणतात तो फुगून मांसल झालेला देठ आहे. वजनाने मात्र बोंड बीच्या सामान्यतः आठ ते दहा पट भरते. म्हणजे ज्या बागायतदारास एक क्विंटल बी मिळते, त्याच्या बागेत आठ ते दहा क्विंटल बोंडे पडलेली असतात.

वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ साली स्थापन झाले. त्या काळी वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यातच होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. १९७२ साली दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर हे केंद्र त्याच्या कक्षेत आले. या केंद्राने वेंगुर्ला-१ पासून पुढे अनेक सुधारित जाती दिल्या आणि त्यांपैकी वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या बागायतदारांच्या विशेष पसंतीस उतरल्या. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाल्यावर कोकणातील वरकस जमिनीवर काजूच्या कलमांची लागवड झपाट्याने वाढली. बी वाढली तसे बोंडही वाढले. परंतु त्याचा उपयोग त्या मानाने वाढला नाही.

शेजारच्या गोव्यात स्थिती निराळी आहे. तेथे बोंडे चिरडून निघालेल्या रसापासून हुर्राक व फेणी तयार करण्याचा जुना धंदा आहे आणि काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे तेथे बोंडास किंमत आहे. रत्नागिरीतील शेतकऱ्याने मद्याच्या वाटेस न जाता बोंडाचा उपयोग करावयाचा, तर सरबत, पाक आणि शिरका हे सोयीचे मार्ग होत.

पिकलेल्या बोंडातून दाबून सुमारे साठ ते सत्तर टक्के रस निघतो. त्यात दहा ते बारा टक्के साखर असते आणि शिरक्यासाठी तेवढी बहुधा पुरते. ताज्या बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या अनेक पट असते. मात्र आंबवण्याच्या दीर्घ क्रियेत त्याचा बराचसा नाश होतो, म्हणून क जीवनसत्त्वासाठी बोंडाचा ताजा रस अथवा सरबतच घ्यावे. बोंड खाताना घसा खवखवतो व कपड्यावर डाग पडतो, तो त्यातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. त्याचे निवारण पुढे सांगितलेल्या रीतीने करता येते.

शिरका कसा बनतो

शिरका दोन पायऱ्यांनी बनतो आणि या दोन पायऱ्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिल्या पायरीत यीस्ट हे सूक्ष्म किण्व रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. त्या वेळी कर्बद्विप्राणिद वायूचे बुडबुडे निघतात. या क्रियेस बाहेरच्या हवेची गरज नसते. दुसऱ्या पायरीत ॲसिटोबॅक्टर वर्गातील जिवाणू त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करतात. त्यांना हवेतील प्राणवायू अखंड हवा असतो. पहिल्या वेळी हवा अडवावयाची आणि दुसऱ्या वेळी ती मोकळेपणाने खेळू द्यावयाची, हे या कृतीचे मर्म होय. घरगुती शिरका बिघडतो तो बहुधा या दोन पायऱ्या एकमेकींत मिसळल्याने.

फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या दशकात या क्रियेचा अभ्यास करून शिरका होणे हे जिवाणूंचे कार्य आहे, असे दाखवून दिले. अनुभवाने मात्र माणसास हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. आपल्या आयुर्वेदीय ग्रंथांत ‘शुक्त’ या नावाने आंबट आंबवणींचे वर्णन आलेले आहे, आणि गोव्यात माडाच्या सुरीचा शिरका आजही स्वयंपाकात वापरला जातो.

हिशेबाने पाहता शंभर ग्रॅम साखरेपासून जास्तीत जास्त सुमारे ५१ ग्रॅम मद्यार्क आणि त्यापासून सुमारे ६७ ग्रॅम आम्ल मिळू शकते. प्रत्यक्षात काही भाग वाया जातो आणि शंभर ग्रॅम साखरेमागे पन्नास ग्रॅमच्या आसपास आम्ल हाती लागते. म्हणजे दहा टक्के साखरेच्या रसापासून साधारण पाच टक्के आम्लाचा शिरका होईल. यावरून हेही स्पष्ट होते की रसात पाणी घालून तो वाढविल्यास शिरका सौम्य होईल आणि टिकणार नाही.

साहित्य व भांडी

प्रथमच करून पाहणाऱ्या कुटुंबाने थोड्या प्रमाणात आरंभ करावा. त्यासाठी पुढील साहित्य पुरेसे आहे : ताजी, पूर्ण पिकलेली, न फुटलेली बोंडे चार किलो, साबुदाण्याचे पीठ १२ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, बेकरीत वापरले जाणारे कोरडे यीस्ट २ ग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धा चहाचा चमचा, आणि विरजणासाठी न तापविलेला, आंबवून केलेला शिरका अर्धा लिटर.

दह्यास जसे विरजण लागते तसेच ते शिरक्यासही लागते. बाजारात मिळणाऱ्या सफरचंदाच्या शिरक्याच्या काही बाटल्यांच्या तळाशी गढूळ तंतुमय साय दिसते. असा शिरका विरजण म्हणून चालतो आणि एकदा आणलेली बाटली पुढे दरवर्षी उपयोगी पडते, कारण आपल्याच शिरक्यातील अर्धा लिटर पुढील हंगामासाठी राखून ठेवता येतो. ज्या बाटलीवर ‘कृत्रिम’ असे लिहिलेले असते तो पांढरा शिरका नुसत्या ॲसेटिक आम्लात पाणी मिसळून केलेला असतो. त्यात जिवाणू नसल्यामुळे त्याचे विरजण लागत नाही.

भांडी काचेची, चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची किंवा अन्नासाठी योग्य अशा प्लास्टिकची असावीत. तांबे, पितळ, लोखंड व ॲल्युमिनियम यांची भांडी मुळीच वापरू नयेत, कारण आम्लाने त्या धातूंचा अंश शिरक्यात उतरतो. चिनी मातीची बरणी चालेल, परंतु तिच्यावरील झिलई तडकलेली नसावी. जुन्या वा रंगीत बरण्यांच्या झिलईत शिसे असू शकते, म्हणून त्या टाळाव्यात. सर्व भांडी, गाळणी व फडकी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात कोरडी करून घ्यावीत.

रस काढणे व निवळणे

बोंडे सकाळी वेचून त्याच दिवशी कामास घ्यावीत. बोंडाची साल पातळ असल्यामुळे ते एका दिवसात उतरते. बी काढून टाकताना तिच्या टरफलातील तेल हातास अथवा बोंडास लागू देऊ नये. हे तेल दाहक असून त्याने कातडी भाजल्यासारखी होते. बोंडे दोन पाण्यांनी धुऊन चिरावीत, पुरणयंत्रातून अथवा पाट्यावर ठेचून घ्यावीत व स्वच्छ पंचात बांधून पिळावीत. चार किलो बोंडांचा सुमारे अडीच लिटर रस निघतो. चोथा शेणखताच्या खड्ड्यात टाकावा.

साबुदाण्याचे पीठ थोड्या पाण्यात शिजवून त्याची पातळ खळ करावी आणि ती गार झाल्यावर रसात ढवळून मिसळावी. भांडे झाकून रात्रभर थंड जागी ठेवावे. तुरट द्रव्य खळीशी बांधले जाऊन तळाशी बसते आणि वर स्वच्छ निवळ येते. सकाळी तळ न हलविता निवळ अलगद ओतून घ्यावी. ती सुमारे दोन लिटर भरेल. मग ती स्टीलच्या पातेल्यात ७० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दहा मिनिटे त्याच उष्णतेवर ठेवावी. उष्णतामापक नसल्यास रसातून वाफा येऊ लागल्या पण उकळी फुटली नाही, ही खूण समजावी. याने रसातील नको असलेले जंतू मरतात. रस गरम असतानाच त्यात साखर विरघळवून घ्यावी. बोंडे विशेष गोड असल्यास साखर घातली नाही तरी चालते.

पहिली पायरी : आंबवणे

रस कोमट, म्हणजे हातास जेमतेम ऊन लागेल इतका झाल्यावर यीस्ट पाव वाटी कोमट पाण्यात भिजवून त्यात घालावे. अतिशय गरम रसात यीस्ट मरून जाते. भांडे तीन चतुर्थांशच भरावे, कारण फेस वर येतो. तोंडास बूच बसवून त्यातून रबराची नळी काढावी व नळीचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून ठेवावे. त्यामुळे आतला वायू बाहेर जाऊ शकतो, परंतु बाहेरची हवा आत शिरत नाही. झाकण घट्ट आवळून बंद केलेली काचेची बाटली कधीही वापरू नये. वायूच्या दाबाने ती फुटून इजा होते.

चैत्रातील कोकणच्या उष्म्यात ही क्रिया सात ते दहा दिवसांत संपते. पेल्यातील बुडबुडे थांबले, रसाची गोडी गेली आणि गाळ तळाशी बसला की पहिली पायरी पूर्ण झाली असे समजावे. गाळ न हलविता वरचा रस नळीने दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा आणि त्याच दिवशी दुसरी पायरी सुरू करावी.

येथे कायद्याची एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. या टप्प्यावरील रसात मद्यार्क असतो. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९, जो आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. म्हणून आंबलेला रस साठवून ठेवणे, पिणे, विकणे किंवा भट्टीवर चढविणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. विरजणाचा शिरका तयार ठेवूनच कृतीस हात घालावा, म्हणजे रस विनाविलंब शिरक्याच्या मार्गास लागेल. विक्रीच्या हेतूने अथवा मोठ्या प्रमाणावर काम करावयाचे असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आधी चौकशी करून आवश्यक ती परवानगी घ्यावी.

दुसरी पायरी : शिरका लावणे

रुंद तोंडाच्या पाच लिटरच्या बरणीत आंबलेला रस ओतून त्यात अर्धा लिटर विरजण मिसळावे. चार भाग रसास एक भाग विरजण हे प्रमाण योग्य आहे. विरजणातील आम्लामुळे सुरुवातीपासूनच बुरशीस आळा बसतो. बरणी अर्ध्याहून अधिक भरू नये, कारण पृष्ठभाग जितका विस्तीर्ण तितकी हवा अधिक मिळते. तोंडास स्वच्छ फडक्याचा तिपेडी दादरा घट्ट बांधावा. त्यातून हवा जाते, पण चिलटे जात नाहीत. बरणी घरातील उबदार, काळोख्या व हवेशीर जागी ठेवावी. ती लोणच्याच्या बरण्यांजवळ अथवा दुभत्याच्या फडताळात ठेवू नये.

आठ-पंधरा दिवसांत पृष्ठभागावर पातळ, गुळगुळीत, किंचित पारदर्शक पापुद्रा धरतो. ही शिरक्याची साय होय आणि तीत काम करणारे जिवाणू असतात. बरणी हलविल्यास साय बुडते व काम मंदावते, म्हणून ती जागची हलवू नये. चव पाहावयाची असल्यास कडेने स्वच्छ चमचा अलगद घालावा. कोकणात साधारणतः चार ते सहा आठवड्यांत शिरका तयार होतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की हवेतील दमटपणामुळे बुरशीची भीती वाढते. म्हणून मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत रस काढावा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी बाटल्या भरून होतात.

पारख, गाळणे व साठवण

मद्यार्काचा वास पूर्णपणे जाऊन नाकास झणझणीत आंबट वास येऊ लागला आणि दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या चवीत फरक पडेनासा झाला, की शिरका तयार झाला. खरी पारख मात्र आम्ल मोजूनच होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार आंबवून केलेल्या शिरक्याच्या १०० मिलिलिटरमध्ये किमान ३.७५ ग्रॅम ॲसेटिक आम्ल असावे लागते. हे मोजमाप शाळेच्या वा महाविद्यालयाच्या रसायनशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सहज होते. पाच मिलिलिटर शिरक्यात थोडे ऊर्ध्वपातित पाणी व फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घालून त्यात अर्धा नॉर्मल दाहक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिलिलिटर द्रावण लागेल त्यास ०.६ ने गुणले असता आम्लाची टक्केवारी मिळते. सव्वासहा मिलिलिटर लागले तर शिरका नेमका ३.७५ टक्क्यांचा आहे. रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्टीने मात्र हे प्रमाण कळत नाही.

तयार शिरका बरणीत तसाच उघडा राहू देऊ नये. मद्यार्क संपला की तेच जिवाणू आम्ल खाऊ लागतात आणि शिरका पुन्हा फिका पडतो. म्हणून तो वस्त्रगाळ करावा. पुढील हंगामाच्या विरजणासाठी अर्धा लिटर शिरका न तापविता वेगळा काढावा व बाकीचा ६० ते ६५ अंशांवर अर्धा तास तापवून बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून बुचे लावावीत. दोन-तीन महिने मुरल्यावर त्याचा उग्रपणा कमी होऊन चव सुधारते.

बिघाड व त्यावरील उपाय

पृष्ठभागावर पांढरी, कोरडी व सुरकुतलेली पावडरीसारखी साय आली तर ती रानटी यीस्टची असते. ती लगेच काढून टाकावी आणि विरजण थोडे वाढवावे. हिरवी, काळी किंवा लोकरीसारखी बुरशी दिसल्यास वरवर काढून भागत नाही. बरणीतील सर्व माल टाकून द्यावा. कधी कधी न तापविलेल्या शिरक्यात उजेडासमोर धरल्यावर अतिसूक्ष्म सळसळणारे जंत दिसतात. ते विषारी नसले तरी शिरका खराब करतात. अशा वेळी शिरका तापवून गाळावा व बरणी उकळत्या पाण्याने धुवावी. सहा आठवडे होऊनही आंबटपणा न आल्यास विरजण निर्जीव होते, हवा कमी पडली किंवा रसातील साखर कमी होती, या तीन कारणांचा क्रमाने शोध घ्यावा.

सफरचंदाचा शिरका

ज्या घरी सफरचंदाचाच शिरका हवा असेल त्यांनी हीच कृती करावी. हिमाचलची सफरचंदे श्रावण-भाद्रपदात बाजारात येतात तेव्हा मार लागलेली फळे स्वस्त मिळतात. मार लागलेला भाग चालतो, परंतु कुजलेला वा बुरशी धरलेला भाग पूर्ण कापून टाकावा. सफरचंदात टॅनिन बेताचे असल्यामुळे साबुदाण्याच्या खळीची आवश्यकता नसते. केवळ साली व गाभे वापरावयाचे असल्यास ते पाण्यात बुडवून दर लिटर पाण्यास ८० ते १०० ग्रॅम साखर घालावी लागते, कारण सालीत पुरेशी साखर नसते. या काळात हवा दमट असल्याने बुरशीवर विशेष लक्ष ठेवावे.

आरोग्याच्या दृष्टीने

शिरक्याविषयी आज अनेक समजुती पसरलेल्या आहेत. त्याने मधुमेह बरा होतो, चरबी वितळते, रक्त शुद्ध होते, असे सांगितले जाते. यांपैकी आधार आहे तो एका मर्यादित गोष्टीस. पिष्टमय जेवणाबरोबर शिरका घेतल्यास जेवणानंतर रक्तातील साखर काहीशी सावकाश व कमी चढते, असे काही प्रयोगांत दिसले आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या कॅरल जॉन्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली असा प्रयोग प्रसिद्ध केला. परंतु तो थोड्याच व्यक्तींवर केलेला होता. हा परिणाम मुख्यतः ॲसेटिक आम्लाचा मानला जातो. त्यामुळे त्या बाबतीत सफरचंदाच्या शिरक्यास बोंडाच्या शिरक्याहून काही खास श्रेष्ठत्व आहे, असे मानण्याचे कारण नाही. वजन घटण्याविषयी लेबनॉनमधील एका प्रयोगाचा २०२४ साली जगभर गाजावाजा झाला. त्यातील आकडेमोड विश्वासार्ह नसल्याचे आढळल्यावर २०२५ साली तो निबंध प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकाने मागे घेतला. तळाच्या सायीमुळे शिरका अधिक गुणकारी होतो, या समजुतीसही भक्कम पुरावा नाही.

म्हणून शिरका हे औषध नव्हे. मधुमेहाच्या रुग्णाने शिरक्याच्या भरवशावर गोळ्या अथवा इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते. तसेच औषधाबरोबर नित्य शिरका घेतल्याने साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचाही संभव असतो. आम्लपित्त किंवा जठरव्रण असणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि लघवी वाढविणारी किंवा हृदयाची औषधे घेणारे यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय तो रोज घेऊ नये.

निरोगी माणसाने घ्यावयाचा तर एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, शिरका पेलाभर पाण्यात मिसळून जेवणाबरोबर घ्यावा. नुसता शिरका कधीही पिऊ नये. त्याने घसा व अन्ननलिका भाजते. दातांवरील कठीण आवरणही आम्लाने झिजते. म्हणून नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी व लगेच दात घासू नयेत. भाजलेल्या जागी, जखमेवर किंवा चेहऱ्यावर शिरका चोळण्याची रीत घातक आहे. लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नये.

स्वयंपाकातील उपयोग

शिरक्याचा खरा लाभ स्वयंपाकघरात आहे. कोकणी जेवणातील आंबटपणा आमसूल, चिंच व कैरी यांचा असतो आणि तो तसाच राहावा. मात्र आगळात टिकण्यासाठी मीठ भरपूर घातलेले असते, तर शिरक्यात मीठ मुळीच नसते. रक्तदाबामुळे ज्यांना मीठ कमी करावयाचे आहे त्यांच्या काकडी-कांद्याच्या कोशिंबिरीत चमचाभर शिरका घातल्यास मीठ कमी असूनही चव उतरत नाही. मासे व मटण शिजविण्यापूर्वी हळद, लसूण व शिरका चोळून ठेवल्यास हिंवस वास कमी होतो. गोव्याच्या विंदालूची चव तर शिरक्यावरच उभी आहे. चिरलेले कांदे अथवा मिरच्या शिरक्यात घालून ते शीतकपाटात ठेवावेत व आठवड्याभरात संपवावेत. दीर्घकाळ टिकवावयाच्या लोणच्यास मात्र आम्ल न मोजलेला घरगुती शिरका वापरू नये. आम्ल कमी पडल्यास बंद बरणीत प्राणघातक विष निर्माण करणारे जंतू वाढू शकतात आणि त्याचा वास किंवा रंग यांवरून पत्ता लागत नाही.

विक्रीविषयी सूचना

महिला बचत गटांनी शिरका विकण्याचे योजल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली नोंदणी अथवा परवाना घ्यावा. प्रत्येक घाण्याचे आम्ल मोजून त्याची नोंद ठेवावी. बाटलीवर ‘काजूच्या बोंडांचा शिरका’ असेच लिहावे. तो सफरचंदाचा म्हणून विकणे ही फसवणूक होईल. रोग बरा करण्याचा दावा चिठ्ठीवर छापू नये.

थोडक्यात

बोंडे ताजी घ्यावीत व त्याच दिवशी रस काढावा. पहिल्या पायरीत हवा अडवावी व दुसऱ्या पायरीत हवा द्यावी. आंबलेला रस न साठविता लगेच शिरक्यास लावावा आणि चार भागांस एक भाग विरजण घालावे. धातूंच्या भांड्यांपैकी केवळ स्टेनलेस स्टील वापरावे. बुरशी आलेला माल टाकून द्यावा. तयार शिरका तापवून भरलेल्या बाटल्यांत ठेवावा आणि पुढील वर्षाच्या विरजणाची बाटली त्यावर तारीख लिहून वेगळी राखावी. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवून शिरका जेवणातील चवीपुरता वापरावा. येत्या हंगामात प्रत्येक काजू बागायतदाराच्या घरी निदान चार किलो बोंडांचा हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.